पगार वाढला आणि ईएसआय सुटलं

ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर मी काम करते. पॉलिसी असली की काम ठरलेलं: कार्ड, आधार, प्री-ऑथ म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, मग कंपनीच्या क्वेऱ्या. त्या रात्री रबाळे एमआयडीसीतल्या एका फिटरला कॅज्युअल्टीत आणलं. ईसीजीनंतर डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी लागेल. त्याची बायको माझ्याकडे आली. "ताई, ह्यांचं ईएसआयचं कार्ड आहे."

ईएसआय म्हणजे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांचा सरकारी विमा. कार्ड होतं, चालू नव्हतं. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपयांवरच आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्याचा पगार साडेबावीस हजार झाला. चालू सहामाही संपताच वर्गणी थांबली आणि पुढे उपचाराचा हक्कही संपला. कोणी सांगितलंच नाही. घरभाडं आणि शाळेची फी भागवून वरच्या दीड हजारात कुटुंबाची पॉलिसी कशी बसवायची? माझंही असंच झालंय, म्हणून विचारते.

मग रेशनकार्ड. जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डावरही राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. बाईंना हे ठाऊक नव्हतं. आमचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत नाही, म्हणून यादीतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्याला, फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर?" कार्ड साताऱ्याकडे, गावी. दिराने झोपेतून उठून फोटो पाठवला. नंबर पेनने लिहिलेला, एक अंक नेमका घडीवर. तीन की आठ? दोन्ही घालून पाहिले, आठ निघाला.

एवढ्यात बिलिंगवाला डिपॉझिटचा आकडा तिसऱ्यांदा सांगून गेला. नियम आहे, पण थरथरणाऱ्या बाईला तो किती वेळा ऐकवायचा? आमचा आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, मात्र औषधं सुरू करून स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसला. पहाटेपर्यंत स्टेंट पडला, माणूस वाचला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. चांगलंच झालं, पण ज्याला हप्ताच परवडत नाही त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. ईएसआयकडे कामगाराचा मोबाईल असतो, घरच्यांची नावं असतात. हक्क संपताना 'आता या योजनेत जा' एवढा मेसेज पाठवायला काय लागतं?

परवा बाईंचा फोन आला, आता पॉलिसी काढू का? म्हटलं, हृदयाच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल, कंपनी नाहीसुद्धा म्हणेल. आधी योजनेसाठी मुलांची नावं रेशनकार्डावर चढवून घ्या.