दशांशाची वही

दोन वर्षांपूर्वी आई रुग्णालयात होती, तेव्हा उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी तिने मला घरून पवित्र शास्त्र (बायबल) आणि तिची दशांशाची, म्हणजे देवाला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या हिशेबाची, वही आणायला सांगितले. रबर लावून जपलेल्या त्या निळ्या वहीत दरमहा दिलेले दान, शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात, शिकवलेले रविवार आणि आजाऱ्यांच्या घरी दिलेल्या भेटी तारीखवार लिहिलेल्या होत्या. सलाईन लावलेल्या हाताने पाने उलटत ती म्हणाली, "एवढं पुरेल का रे?"

"कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" हे तारणाचे, म्हणजे पापापासून सुटकेचे, बायबलमधले वचन तिने कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतले होते, आणि तरीही शेवटी तिच्या हातात हिशेबच उरावा, याने मी कळवळलो. वचन पाठ असणे वेगळे आणि त्यावर स्वतःचा भार टाकणे वेगळे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधारांना आसरा देणाऱ्या या विदुषीचाही भरवसा अखेर स्वतःच्या सेवेवर नव्हता.

तारण ख्रिस्ताकडूनच, दुसऱ्या कोणाकडून नाही, असा आग्रह का धरता, असे माझे काही जिवलग मित्र विचारतात. त्यांच्या सदाचाराला मी कमी लेखत नाही; तो पुष्कळदा माझ्याहून उजवा आहे. पण माणसाच्या पुण्याईने पाप फिटत असते, तर ख्रिस्त विनाकारण मेला असे ठरते, आणि बायबलमधील गलतीकरांस पत्रात प्रेषित पौलाने हाच मुद्दा मांडला आहे. मंदिरातील यहुदी याजकांना पापांसाठी तीच ती अर्पणे पुनःपुन्हा करावी लागत. ख्रिस्ताने मात्र स्वतःलाच एकदा आणि कायमचे अर्पण केले, असे बायबलमधील इब्री लोकांस पत्र सांगते. वधस्तंभावरचे "पूर्ण झाले आहे" हे उद्गार खरे असतील, तर त्यात माझी भर घालायला जागाच नाही.

त्या संध्याकाळी मी आईला लूककृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचून दाखवला. प्रभूशेजारी खिळलेल्या त्या गुन्हेगाराला ना बाप्तिस्मा मिळाला, ना दान देता आले, ना कोणाचे वाईट केलेले निस्तरता आले. "माझी आठवण करा" एवढेच तो म्हणाला, आणि त्याच दिवशी सुखलोकात असशील, असे वचन त्याला मिळाले. आई बराच वेळ डोळे मिटून पडून होती. मग तिने वहीला पुन्हा रबर लावले आणि ती माझ्याकडे देत म्हणाली, "ही घरी घेऊन जा. पुस्तक राहू दे."