जेलवरचं वन-फाइव्ह

बीटा थॅलॅसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, शोधायला सॅम्पल आलं की आमच्याकडे पहिली ट्यूब लागते ती 'वन-फाइव्ह'ची. पूर्ण नाव आयव्हीएस वन-फाइव्ह, जी टू सी, म्हणजे डीएनएमधल्या एका जी अक्षराचा सी झालेला. भारतात सगळ्यात जास्त सापडणारं हेच, त्यामुळे बाकीच्या नेहमीच्या चार म्युटेशनचा नंबर नंतर. पीसीआरने डीएनएच्या प्रती काढायच्या, जेलमध्ये त्या लांबीप्रमाणे वेगळ्या करायच्या. जेल यूव्हीवर ठेवलं की आधी 861 अक्षरं लांबीचा कंट्रोल बँड बघायचा, तो नेहमीच उमटायला हवा. तो नसेल तर पीसीआरच झालेली नाही, पुढे बोलायचंच नाही. तो आहे आणि खाली 285 ला दुसरा बँड लख्ख उमटलाय, म्हणजे वन-फाइव्ह आहे.

रिपोर्ट गेला की हमखास विचारणा होते, "मॅडम, प्रोटीनमध्ये नक्की काय बदललं?" खरं तर हे अक्षर प्रोटीनमध्ये जातच नाही. ते इन्ट्रॉनमधलं आहे, म्हणजे जीनच्या मधल्या, पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यातलं. आम्हाला बीएस्सीला इन्ट्रॉन म्हणजे अडगळ असं शिकवलं होतं. आजही काही नोट्समध्ये तेच वाक्य दिसतं आणि माझं डोकं फिरतं.

हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये तीन एक्सॉन (ठेवले जाणारे तुकडे) आणि मध्ये दोन इन्ट्रॉन. पेशी आधी सगळ्याचाच आरएनए, म्हणजे जीनची नक्कल, काढते, मग इन्ट्रॉन कापून एक्सॉन जोडते. हेच स्प्लायसिंग. कुठे कापायचं ते इन्ट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कळतं. पहिल्या इन्ट्रॉनची सुरुवात जी-टी-टी-जी-जी-टी अशी आहे. त्यातल्या पाचव्या जीचा सी झाला की थांब्याची पाटी पुसट झाल्यासारखं होतं: एसटी कधी बरोबर थांबते, बरेचदा अलीकडे नाहीतर पलीकडे. इथे असे तीन खोटे थांबे आहेत, 38 आणि 16 अक्षरं अलीकडे आणि 13 अक्षरं पलीकडे. चुकीचा कापलेला आरएनए कामाचा नसतो. बरोबर कापलेला थोडाच उरतो, म्हणून दोन्हीकडून वन-फाइव्ह आलेल्या मुलाला सहसा आयुष्यभर रक्त चढवावं लागतं.

शेजारची अक्षरं बघा. पहिलंच अक्षर बदललं तर बरोबर कापणं पूर्ण बंद. सहावं बदललं, टीचा सी झाला, तर बरंचसं काम निभावतं आणि आजार सौम्य राहतो. आसाम-बंगालकडे खूप आढळणारं हिमोग्लोबिन ई तर दुहेरी आहे. 26 व्या कोडॉनमधल्या (तीन अक्षरांच्या गटातल्या) एका अक्षराने अमिनो आम्लही बदलतं आणि तो 16 अक्षरं अलीकडचा खोटा थांबाही जागा होतो. पुस्तकात मात्र ते फक्त अमिनो आम्लाच्या रकान्यात टाकून मोकळे होतात.

थॅलॅसेमियात एक सोय आहे, ग्लोबिनचं काम लाल पेशी घडवणाऱ्या पेशींतच चालतं. इतर जीनचं तसं नाही. अश्केनाझी ज्यू लोकांमधला फॅमिलियल डिसऑटोनोमिया हा मज्जासंस्थेचा आजार घ्या. ईएलपी1 जीनच्या 20 व्या इन्ट्रॉनमध्ये बदल तोच, सहाव्या जागी टीचा सी. पण इथे अख्खा 20 वा एक्सॉनच गळतो, आणि तो सगळ्या पेशींत सारखा गळत नाही. रक्तातल्या पेशींत बराच आरएनए नीट बनतो, मज्जापेशींत फार कमी. डीएनए तोच, माणूस तोच! कापणारी यंत्रणा आणि तिचे मदतनीस प्रोटीन ऊतीगणिक वेगळे असतात, त्याचा हा परिणाम. वेगवेगळ्या ऊतींत जीन कसे चालतात ते बघणाऱ्या जीटेक्स प्रकल्पाने 2020 मध्ये 838 दात्यांच्या 49 ऊतींचा हिशोब मांडला, तेव्हा स्प्लायसिंगवर परिणाम करणारे असे बदल निरोगी माणसांतही ढिगाने सापडले. त्यातले बहुतेक कोणाला त्रास देत नाहीत.

म्हणून हल्ली कोणी इन्ट्रॉनमधला अनोळखी बदल दाखवून "रक्तातून आरएनए काढून बघू या का?" असं विचारलं, की मी आधी आजार कुठल्या अवयवाचा ते विचारते. रक्ताचा असेल तर जांभळ्या टोपणाची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब लगेच पाठवा. मज्जासंस्थेचा असेल आणि रक्तात सगळं ठीक दिसलं, तर त्या 'ठीक'वर मी सही करत नाही.