वाळूत न रुतणारी कायाकची गाडी

तारकर्ली असो की दिवेआगर, पुळणीवर कायाकचं (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीचं) सगळ्यात जड काम पाण्याबाहेरच असतं: ती दोनचाकी गाडीवर ठेवून पाण्यापर्यंत ओढत न्यायची. भरती-ओहोटीत २ मीटरचा फरक आणि किनाऱ्याचा उतार ४० मीटरला १ मीटर धरला, तर सकाळी पायाशी असलेलं पाणी ओहोटीला ८० मीटर लांब जातं. ओली वाळू कोणतीही गाडी चालू देते. खरी परीक्षा असते ती सुरूच्या बनापासून भरतीच्या रेषेपर्यंतच्या कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यात.

तिथं चाक रुततं ते दाबामुळे. ३० किलोची सिट-ऑन-टॉप (वर बसून वल्हवायची) कायाक आणि १० किलो सामान धरलं, तर एकेका चाकावर साधारण १८ किलो येतात, उरलेले ४ किलो ओढणाऱ्याच्या हातात. ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेलं अरुंद चाक हे वजन जेमतेम ८-९ चौरस सेंटिमीटरवर टेकवतं. फुग्यासारखं रुंद चाक ३ पीएसआयला सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढी जागा धरतं. म्हणून पैसे कुठं घालायचेच असतील तर चाकांत घाला: व्यास ३० सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी १८-२० सेंटिमीटर, हवा २ ते ४ पीएसआय. पेट्रोल पंपावर ती कधीच भरू नका. तिथल्या मीटरवर इतका कमी दाब कळत नाही आणि चाकाचा जोड उसवतो. हातपंप वापरा. अंगठ्यानं दाबल्यावर चाक सहज सेंटिमीटरभर आत गेलं पाहिजे. उन्हात हवा फुगते, तेव्हा दुपारी पुन्हा बघा.

सांगाडा घरी करता येतो. सव्वा इंची जाड यूपीव्हीसी पाइप, टी आणि एल्बो, सॉल्व्हंट सिमेंट. आधी सगळं कोरडं जोडून कायाक ठेवून बघा, मगच सिमेंट लावा. एकदा चिकटलं की सुटत नाही. एक्सलचं काम मात्र पाइपवर सोडू नका, तो टीपाशी वाकतो. आतून ३१६ ग्रेडचा स्टेनलेस स्टीलचा अखंड रॉड घाला, जाडी चाकाच्या भोकाप्रमाणे. दोन चाकांत ६०-७० सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर तिरक्या उतारावर गाडी कलंडते. कायाक टेकते त्या दोन आडव्या पाइपांवर फोमची नळी चढवा.

बॉल बेअरिंग नको. खारं पाणी ते गंजवतं आणि वाळू ते जाम करते. नायलॉनचा साधा बुश (चाकाच्या भोकात बसणारी नळी), दोन्हीकडे वॉशर आणि स्टेनलेसची स्प्लिट पिन पुरते. ग्रीसही लावू नका: वाळू त्यात चिकटते आणि बुश पॉलिश पेपरनं घासल्यासारखा झिजतो. ॲल्युमिनियमचा रॉड स्टेनलेसच्या पिनेशी जोडला तर खाऱ्या पाण्यात पांढरी भुकटी धरून अडकतो.

कायाकच्या तळाला पाणी निथळायला ठेवलेल्या भोकांत दांडे घालायच्या गाड्या स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण आमचं मत त्यांच्या विरोधात आहे. वाळूत गाडी अडली की सगळा ताण भोकांच्या कडांवर येतो. तिथं तडा गेला की कायाकच्या पोटात पाणी शिरतं, आणि ते कळतं समुद्रात गेल्यावर.

गाडी कायाकखाली कुठं लावायची हे रिकाम्या जागी ठरवा. कायाक सामानासकट एका गोल पाइपवर आडवी ठेवून तोल सापडेल तिथं खूण करा. गाडी त्या खुणेच्या २० सेंटिमीटर मागे लावा. ३.६ मीटरच्या कायाकला नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी धरलं तर हातात ४ किलो येतील. तीच गाडी १.२ मीटर मागे गेली तर १६ किलो.

सगळ्यात जास्त होणारी चूक: कायाकला फक्त पट्टे गुंडाळतात. चाक खड्ड्यात अडतं, कायाक पुढे सरकते आणि गाडी मागून निसटते. दोन पट्ट्यांखेरीज गाडीपासून कायाकच्या पुढच्या कडीला एक दोरी ताणून बांधा. पट्टे साध्या बकलचे घ्या. रॅचेटमध्ये (दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायच्या बकलमध्ये) वाळू जाते, शिवाय उन्हानं मऊ झालेल्या प्लास्टिकला तो खळगा पाडतो.

पाण्यात जाताना गाडी भरतीच्या रेषेच्या वर, शक्यतो झाडाला बांधून ठेवा. हवेची मोठी चाकं तरंगतात आणि लाट लागली की गाडी चालती होते. परतल्यावर चाकं काढून बुश आणि रॉड गोड्या पाण्यानं धुवा.