भिंतीवरच्या बंदुकीचा कान

नौपाड्यातल्या आमच्या घरात सोफ्याच्या वर एक लांबलचक बंदूक टांगलेली आहे. सिलिंडर घेऊन येणाऱ्यापासून मुलीच्या मैत्रिणींपर्यंत सगळे विचारतात, "काका, खरी आहे? अशी कुठे मिळेल?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

खरी नाही. पण घेतली मात्र खरी समजून. मुंबईतल्या एका जुन्या बाजारात विक्रेता ती फडक्याने पुसत म्हणाला, "साहेब, सत्तावनच्या बंडातली." चापावरच्या पट्टीवर मुकुट, खाली 'टॉवर' असा शिक्का आणि १८५७ साल. साडेसहा हजारांना घेतली आणि गोधडीत गुंडाळून टॅक्सीने घरी आणली. आठवडाभराने, चहा पिताना वर पाहिलं आणि डोक्यात उजेड पडला. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी! इंग्रजांच्या फौजेने गारगोटी सोडून केपाची, म्हणजे घोडा आपटला की फुटणाऱ्या छोट्या टोपीने बार पेटवणारी, बंदूक घ्यायला १८४० च्या आसपासच सुरुवात केली होती. ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून सत्तावनला भडका उडाला, तीसुद्धा केपाचीच. म्हणजे ज्याने शिक्का ठोकला त्याला मुकुट कसा काढतात ते ठाऊक होतं, इतिहास नव्हता.

चार दिवस बायकोशी या विषयावर बोललो नाही. मग हळूहळू लक्षात आलं, फसलो हेच बरं झालं. कारण तिचा कान.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. नळीच्या मागच्या टोकाला कुशीत बारीक भोक असतं, तो कान. गारगोटीची ठिणगी पडून बाहेरच्या वाटीतली रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, पेटते आणि तिची आग या कानातून आतल्या दारूपर्यंत पोचते. माझ्या बंदुकीला त्या जागी नुसता खळगा आहे, भोक आरपार नाही. भिंतीला कान असतात म्हणे. असू देत, भिंतीवरच्या बंदुकीला नसावा.

कारण कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढची अट कुणी वाचत नाही: दुरुस्त करून किंवा न करता, बंदूक म्हणून वापरता येणारच नाही असं ते शस्त्र हवं. पणजोबांची माळ्यावर गंजलेली ठासणीची बंदूक एखादा कारागीर चालती करू शकत असेल, तर ती दीडशे वर्षांची असली तरी परवाना हवाच. अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो की तिथे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने 'बंदूक' धरतच नाहीत. असेल बाबा. पण तू डॅलसमध्ये राहतोस, मी ठाण्यात. शंका असेल तर पैसे मोजण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. ठाण्याचं आयुक्तालय वेगळं, नवी मुंबईचं वेगळं. विक्रेत्याचं "काही लागत नाही साहेब" हा परवाना नव्हे.

एका मित्राने वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये कान पाडून देतो म्हणून उत्साह दाखवला होता. नकली शस्त्राचं विनापरवाना खऱ्यात रूपांतर करायला त्याच कायद्याचं सहावं कलम मनाई करतं. शिवाय शोभेच्या बंदुकीची नळी म्हणजे बहुतेकदा साधा पाइप. आत टॉर्च मारला तर जोडाची रेघ दिसते. दारूचा दाब तो कसला सोसतोय! फुटेल ती उडवणाऱ्याच्या तोंडावर.

आणि जुनी, अस्सल बंदूक हातात आली तर कौतुक नंतर. आधी एक लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा, बाहेर काढून नळीला लावून बघा. काठी कानापर्यंत पोचायला हवी. चार बोटं कमी भरली तर आत काहीतरी ठासलेलं आहे. गंज असेल, फडकं असेल, किंवा कुणीतरी भरून ठेवलेला आणि कधीच न उडवलेला बार असेल. सोरा, कोळसा, गंधक यांची ती दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. अशा वेळी खरवडत बसू नका, घोड्याला हात लावू नका, सरळ पोलिसांना कळवा.

चालती ठासणीची बंदूक मी एकाच घरात पाहिली, मुरबाडकडे मामांच्या. पिकात रानडुकरं येतात म्हणून रीतसर परवाना काढलेला. लहानपणी वाटायचं, हे केवढं वैभव! प्रत्यक्षात मामा तिच्यावर वैतागलेले असायचे. पावसाळ्यात दारू सर्द व्हायची, आणि एक बार उडवून दुसरा ठासेपर्यंत डुकरं शेजारच्या बांधावर. त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पुन्हा एसटीने जाऊन आणायची. माझी भिंतीवरची त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून आधी कान पाहिला, मग किंमत विचारली.

"साडेसहा हजार? एवढ्यात माझं कुंपण झालं असतं की रे."