निघून जायचं कुठं?

आज नववीचा व्यसनविरोधी तास घेतला. कार्यक्रम मूळचा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचा, 'कीपिन इट रिअल'. नकार द्या, कारण सांगा, टाळा, निघून जा, अशा चार वाटा. अमेरिकेतल्या शाळांत १९८३ पासून पोलीस व्यसनविरोधी धडे देत. त्याचा फारसा उपयोग नाही हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं, तेव्हा २००९ पासून त्यांनीही हाच उचलला. आपल्याकडे २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, अजून भाषण आणि शपथच, असो.

पुस्तकातला प्रसंग मित्राच्या पार्टीचा. पोरं फिदीफिदी हसली. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "टीचर, आमच्या घरी स्कूटरी भाड्यानं देतात. गिऱ्हाईक गाडी परत करताना डिकीतली पुडी काढून 'घे, तुला' म्हणतं. निघून जायचं कुठं? घरच ते!"

मग पार्टी बाजूला ठेवली. बाकाची स्कूटर केली, चावी म्हणून डस्टर. गिऱ्हाईकही तुटता कामा नये, ही अट त्यांचीच. बराच गोंधळ झाल्यावर एक पोरगी चावी हातात घेत म्हणाली, "बाबा आतच आहेत, हाक मारू?" गिऱ्हाईक झालेला पोरगा खरोखरच गडबडला.

पुढच्या तासाला जत्रेचा प्रसंग पोरंच लिहून आणणार आहेत.