नायटा, ट्यूब आणि करगोटा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, भिजलेल्या पँटनेच दिवसभर कामावर बसायची वेळ रोज येत असताना, माझ्या जांघेत रुपयाएवढा तांबूस चट्टा उठला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली, आणि मीही ती न वाचता लावली. दुसऱ्याच दिवशी खाज थांबली, चार दिवसांत लाली उतरली. मलम थांबवले की आठवड्याभरात चट्टा परत यायचा, दर खेपेला थोडा पसरून. मग मी नवी ट्यूब आणायचो. हा खेळ पाच महिने चालला आणि तोवर चट्टा मांडीवरून कमरेपर्यंत पोहोचला.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला मला लाज वाटत होती, हे कबूल करतो. डॉक्टरांनी चट्ट्याआधी ट्यूब मागितली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे मलाच वाचायला लावली. बुरशीनाशकासोबत तिच्यात क्लोबेटासोल होते, म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातले एक. स्टेरॉइडने त्वचेचा प्रतिकार दबतो, म्हणून लाली आणि खाज जाते; बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. गोल, उठावदार कड ही नायट्याची ओळखसुद्धा त्यामुळे पुसट होते, आणि माझ्या मांडीवर तर वर्तुळात वर्तुळ उमटले होते.

मग त्यांनी चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतला. मधला भाग निवलेला दिसतो, पण बुरशी कडेला जिवंत असते, म्हणून नमुना तिथलाच घ्यायचा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ जाऊ दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. त्वचेच्या पेशी विरघळल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांमधून काचेच्या दोऱ्यांसारखे, फाटे फुटलेले बुरशीचे बारीक तंतू आडवेतिडवे गेले होते. रक्त बिघडल्यामुळे नायटा होतो, हे लहानपणापासून ऐकलेले माझ्या डोक्यातून त्या क्षणी गेले.

औषध साधे होते, चिकाटी अवघड होती. इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाच्या कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायच्या, आणि ॲसिडिटीची गोळी त्यांच्यासोबत घ्यायची नाही, कारण पोटात आम्ल कमी असले की हे औषध नीट शोषले जात नाही. आधी यकृताची रक्ततपासणी झाली. नुसते बुरशीनाशक असलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचे होते. जुनी ट्यूब बंद केल्यावर पहिला आठवडा खाज इतकी भडकली की रात्री दोन वाजता मी ती कपाटातून काढून हातात धरली होती. पत्नीने ती घेऊन कचऱ्यात टाकली.

तिच्याही कमरेवर एक चट्टा निघाला, आणि आईच्या काखेत. आईने तो घामोळे समजून झाकून ठेवला होता. घरातल्या एकाने औषध घेऊन भागत नाही, म्हणून तिघांचेही उपचार एकदम सुरू झाले. टॉवेल वेगळे झाले, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळू लागले. ऊन नसेल त्या दिवशी इस्त्री. वाद झाला तो करगोट्यावरून. कमरेचा काळा दोरा सदा ओला राहतो, त्यात बुरशी टिकते, म्हणून डॉक्टरांनी तो काढायला सांगितला होता. आई म्हणाली, "अरे, बारशापासून आहे तो तुझ्या कमरेला." शेवटी तिनेच कात्रीने कापला, पण देव्हाऱ्यापुढे उभे करून.

सहाव्या आठवड्यात त्वचा स्वच्छ दिसू लागली. मी औषध थांबवणार होतो, पण डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे घ्यायला लावले. त्यानंतर नायटा परतलेला नाही. काळे डाग वर्षभरात फिकट झाले. जांघेतले ताणल्यासारखे पांढरे वळ मात्र तसेच आहेत. ते नायट्याचे नाहीत, ट्यूबचे आहेत, आणि ते पूर्ण जाणार नाहीत असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.