वीर्यतपासणीपासून जनुकतपासणीपर्यंत

मूल होईना म्हणून सोलापुरात आमच्या तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे आधी सगळ्या चाचण्या पत्नीच्याच झाल्या; वास्तविक जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो आणि वीर्यतपासणी ही त्यातली सर्वांत सोपी, स्वस्त चाचणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख आहे. माझी संख्या 50 लाखांच्याही खाली होती, आणि फेरतपासणीतही ती फारशी वाढली नाही.

सूत रंगवण्याच्या विभागात, वाफेजवळ माझे काम चालते हे डॉक्टरांनी टिपून घेतले. खिशातली पुडी पाहून ते काही बोलले नाहीत. मात्र केसपेपरवर ‘तंबाखू’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग गुणसूत्रांसाठी हिरव्या बुचाच्या आणि वाय गुणसूत्रावरील सूक्ष्म लोप, म्हणजे तिथला एखादा छोटा तुकडा गळालेला आहे का, हे पाहण्यासाठी जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतले गेले. दोन्ही अहवाल निर्दोष आले.

त्याच सुमारास डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांची एक महागडी चाचणी मला सुचवण्यात आली. डॉक्टरांनी तिच्यामागचे शास्त्र सावकाश समजावले. शुक्राणू तयार होताना पेशी स्वतःच डीएनएचे दोन्ही धागे अनेक ठिकाणी तोडते आणि जोडीच्या गुणसूत्राच्या आधाराने ते पुन्हा सांधते. हे सांधणे अपुरे राहिले, तर ती पेशी बहुधा तिथेच नष्ट होते. पुढे डीएनए घट्ट गुंडाळला गेला की शुक्राणूची दुरुस्तीची क्षमता जवळजवळ संपते, त्यामुळे उष्णता किंवा तंबाखूमुळे नंतर झालेली डीएनएची मोडतोड त्याला स्वतःला दुरुस्त करता येत नाही. टेक्स11 सारख्या जनुकातला गंभीर दोष शुक्राणुनिर्मितीच थांबवू शकतो. याउलट एक्सआरसीसी1 या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकातला 399 व्या स्थानावरचा फरक असंख्य निरोगी माणसांतही आढळतो. त्याचा वंध्यत्वाशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. असा फरक सापडला तरी माझे उपचार बदलणार नव्हते, म्हणून मी ती चाचणी नाकारली. जोखीम किंचित वाढवणारा फरक आणि आजाराचे कारण यांतला भेद चाचणी विकणाऱ्याने आपणहून सांगायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी शुक्राणूंतील डीएनए किती तुटला आहे हे मोजणारी चाचणी केली. मोडतोडीचे प्रमाण जास्त निघाले. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू सोडून आणि मालकांना सांगून गोदामात बदली घेऊन मी तेवढा काळ जाऊ दिला. पुढच्या अहवालात डीएनएची मोडतोड कमी दिसली, शुक्राणूंची संख्या मात्र कमीच राहिली. आता एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या उपचाराची तयारी चालू आहे.